शेपूट अपूर्ण

पुढे जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही, पण म्हणून मी ते सांगायचं काही थांबवलेलं नाही. माझं अक्षर हल्ली माझं मलाच लागत नाही, तेव्हा मी बोलतोय आणि माझी मेहुणी संगणकावर टाईप करतेय. सुरुवातीलाच ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही सांगा, मी बोटं चालवते. विश्वास ठेवणं माझ्या कामात येत नाही." टंकलेखक असावा तर असा.

तर, रानमांजर माणसाला दिसणं ही अत्यंत दुर्मिळ घटना आहे. माणूस रानमांजराला दिसणं ही रोजचीच. पण मांजरं नोंदी ठेवत नाहीत, त्यामुळे ही दुसरी घटना घडतच नाही असं सगळे धरून चालतात. ज्याची नोंद नाही ते घडलेलं नाही, या भक्कम पायावर जगातली सगळी सुधारलेली राज्यं उभी आहेत, आणि मी जिथे एकतीस वर्षं काढली ते कार्यालयही उभं होतं.

त्याचं नाव वन्य मार्जार दर्शन नोंदणी कक्ष. तिसरा मजला, जिन्याला लागून, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत. (खुर्च्या नंतरही तिथेच होत्या. आम्ही त्यांवर बसत होतो.) कक्षात माणसं दोन: साहेब आणि मी. साहेबांनी आयुष्यात एकदाही जंगल पाहिलं नव्हतं, त्यामुळे जंगलाच्या बाबतीत त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस सापडणं कठीण होतं. जंगलात कुणाला रानमांजर दिसलं की त्याने आमच्याकडे अर्ज करायचा, आम्ही तो तपासायचा, आणि दर्शन खरं की खोटं ते ठरवायचं. मांजर जंगलात, दिसणारा जंगलात, आणि ठरवणारे आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लांबून जास्त स्पष्ट दिसतं, असं साहेब म्हणायचे.

शेवटच्या दहा वर्षांतली आकडेवारी माझ्या तोंडपाठ आहे. आलेले अर्ज चारशे बारा. त्यांपैकी तपासाअंती घरगुती मांजर निघालेले एकशे सहासष्ट, कुत्रे नव्वद, झाडाचे बुंधे सदतीस, आणि एक आमचे माजी साहेब. (तपकिरी स्वेटर, करवंदाच्या जाळीएवढं झुडूप. ते तिथे काय करत होते, हे शिष्टाचार म्हणून विचारण्यात आलं नाही.) मांजर दिसण्याचा सरासरी काळ पावणेतीन सेकंद. ते दिसल्याचं सांगण्याचा सरासरी काळ पावणेदोन तास. दिसल्या दिवशी मांजराची लांबी अडीच फूट असते, आठवड्याने साडेतीन, आणि सांगणाऱ्याचा जावई ऐकायला बसला असेल तर पाच. प्रमाणित ठरलेली दर्शनं: शून्य. एवढा स्वच्छ कारभार दुसऱ्या कुठल्या कक्षाचा असेल तर मला दाखवा.

या स्वच्छतेचं सगळं श्रेय नमुना सातला आहे. नमुना सात म्हणजे अर्जाचा छापील कागद. दोन साक्षीदार हवेत, त्यांचं एकमेकांशी किंवा मांजराशी नातं नसावं. दर्शनसमयी मांजराने स्थिर राहणं बंधनकारक. आणि रकाना अकरा: 'शेपटीची लांबी (बारा इंचांहून कमी लिहू नये).' ही बारा इंचांची अट कुणी घातली ते फायलीत सापडत नाही. माझा अंदाज असा, की ज्याने नमुना तयार केला त्याच्या घरी एक मांजर होतं आणि हाताशी एक फूटपट्टी होती.

("भावोजी, तो अंदाजही टाईप करू?" मेहुणी.

"कर. अंदाजाशिवाय कुठलंही सरकारी काम पूर्ण होत नाही.")

आता त्या नियमाकडे येऊ, ज्यावर ही सगळी हकीकत लटकलेली आहे. ज्या जंगलात सलग दहा वर्षं एकही प्रमाणित दर्शन झालं नाही, ते जंगल 'मार्जारमुक्त' समजावं. मार्जारमुक्त जंगलाला राखणीची गरज नाही. म्हणून तिथली चौकी बंद करावी, वनरक्षकाची बदली करावी आणि जागा 'योग्य उपयोगासाठी' मोकळी करावी. योग्य उपयोग म्हणजे काय, याची व्याख्या नियमात नाही. जागा मोकळी झाली की ती आपोआप सापडते.

आमच्या हद्दीत अजून मोकळं न झालेलं एकच जंगल उरलं होतं, आणि त्यात एकच चौकी. तिथल्या वनरक्षक बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. चौकीच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई. आईची नजर गेलेली. पण दारापासून विहीर एकवीस पावलं, विहिरीपासून कोंबड्यांचं खुराडं चौदा, खुराड्यापासून चूल नऊ, असं सगळं म्हातारीने मोजून ठेवलेलं, आणि त्या हिशेबावर ती दिवसभर बिनघोर फिरायची. चौकी बंद झाली की बाईंची बदली आमच्याच इमारतीच्या तळघरात होणार होती, कोऱ्या नमुन्यांच्या गोदामावर. आणि म्हातारीने सत्तराव्या वर्षी कुठे, काय आणि कशासाठी मोजायचं, हे नियमात नव्हतं.

बाईंना रानमांजर दहा वर्षांत अकरा वेळा दिसलं होतं. कानांवर केसांचे झुपके, अंगावर पुसट ठिपके, गुडघ्याएवढी उंची आणि शेपूट आखूड. इतकं आखूड, की कुणीतरी लिहिता लिहिता उठून गेल्यासारखं. बाई प्रामाणिक. त्या दर वेळी रकाना अकरात 'चार इंच' लिहायच्या. आणि दर वेळी साहेब लाल शाईने शेरा मारून अर्ज परत पाठवायचे: 'शेपूट अपूर्ण. पूर्ण करून पुन्हा सादर करावे.'

अकराव्या वेळी बाई स्वतः आल्या.

"साहेब, त्याचं शेपूट तेवढंच असतं," त्या म्हणाल्या.

"मग उरलेलं कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"उरलेलं नसतंच."

"बाई, असं कसं? रकाना बारा इंचांचा आहे. चार तुम्ही दाखवताय. आठ इंचांचा काहीतरी खुलासा करावा लागेल ना तुम्हाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फायलीकडे पाहिलं. फायलीकडे पाहणं ही एक कला आहे, आणि एकतीस वर्षांत मी तिच्यात बऱ्यापैकी नाव कमावलं होतं.

बाहेर जिन्यात मला गाठून त्या म्हणाल्या, "दादा, शुक्रवारी दहा वर्षं भरतात. बारा इंच लिहून टाकू का?"

मी म्हटलं, "खोटं लिहिलंत तर अर्ज खोटा ठरेल."

"आणि खरं लिहिलं की अपूर्ण ठरतो."

"हो. पण अपूर्ण अर्जाला मान असतो. त्याची फाईल होते."

त्या जिना उतरून गेल्या.

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला ते मांजर कार्यालयात आलं.

(बोटं थांबली. "चालत?"

"जीपमधून. बाईंच्या जीपच्या मागच्या बाजूला ताडपत्री असते, तिच्याखाली झोपलं होतं. बाई नमुने घ्यायला आल्या, त्यांच्या पाठोपाठ तेही उतरलं."

"आणि तिसरा मजला?"

"जिन्याने. लिफ्ट बंद होती."

"लिफ्ट बंद होती म्हणता, म्हणजे खरं असणार," असं म्हणून बोटं पुन्हा सुरू झाली.)

मांजराने दारातल्या यंत्रातून टोकन घेतलं नाही, एवढी एक अनियमितता मी मान्य करतो. बाकी वागणं आदर्श. अभ्यागतांच्या खुर्चीत बसलं, पुढचे पाय जुळवले आणि साहेबांकडे एकटक बघत राहिलं. त्या खुर्चीतला माणूस वीस मिनिटांत चुळबुळ करू लागतो, चाळीस मिनिटांत आवाज चढवतो आणि तासाभराने ओळखी सांगतो. मांजराने पावणेदोन तासांत एकच जांभई दिली.

साहेबांची अडचण तुम्ही समजून घेतली पाहिजे. त्यांनी मांजर पाहिलं असतं तर ते साक्षीदार झाले असते, आणि साक्षीदाराला निर्णय देता येत नाही. म्हणून ती संपूर्ण सुनावणी त्यांनी डोळे मिटून घेतली. कर्तव्यासाठी माणसं काय काय करतात!

पहिला आक्षेप त्यांनी डोळे मिटूनच काढला. "दर्शन जंगलात व्हायला हवं. हे कार्यालय आहे."

बाई म्हणाल्या, "साहेब, या खोलीत चौदा कुंड्या आहेत."

"कुंडी म्हणजे जंगल नव्हे."

"टेबल सागाचं आहे. सहा खुर्च्या, दोन कपाटं, दाराची चौकट, सगळं लाकूड. हे सगळं माझ्या हद्दीतून आलंय, तोडीच्या नोंदी आहेत माझ्याकडे. म्हणजे जंगल इथेच आहे साहेब, फक्त सरळ उभं नाही."

साहेबांनी बराच वेळ विचार केला. नोंदी होत्या, त्यामुळे इलाज नव्हता. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वन्य मार्जार दर्शन नोंदणी कक्ष अधिकृतपणे जंगल म्हणून घोषित झाला. (डबा खाताना आम्ही खिडक्या लावून घेतल्या. जंगलात उघड्यावर खायला बंदी आहे.)

साक्षीदार म्हणून मी आणि पाणी भरायला आलेला माणूस. आमचं एकमेकांशी नातं नव्हतं. मांजराशी आपलं नातं नसल्याचं त्याने शपथेवर सांगितलं, वर 'निदान आईकडून तरी' अशी पुस्तीही जोडली. मांजर स्थिर होतं. मग मी फूटपट्टी घेतली. आता तुम्ही म्हणाल, रानमांजराचं शेपूट मोजून कसं देईल? दिलं. उठून पाठमोरं उभं राहिलं. चार इंच आणि वर एक रेघ. मी चार लिहिले. अर्जदाराच्या सहीच्या जागी बाईंनी सही केली, आणि त्या सहीखाली मांजराने शाईच्या गादीवर पंजा ठेवून तो कागदावर उमटवला. इतकी सुवाच्य सही त्या कक्षात मी दुसरी पाहिली नाही.

("सही केली मांजराने," मेहुणी मोठ्याने म्हणाली आणि टाईप केलं.)

पावणेपाच वाजले. साहेबांनी डोळे न उघडता अंदाजानेच लाल पेन उचललं आणि लिहिलं, 'शेपूट अपूर्ण. अर्ज फेटाळला. चौकी बंद.' कागद माझ्यापुढे सरकवला. अशा आदेशावर दोन सह्या लागतात, निर्णय देणारे म्हणून त्यांची आणि नोंद करणारा म्हणून माझी. बाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात चौकीची किल्ली होती, नियमाप्रमाणे जमा करायला आणलेली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, किल्लीकडे बघत होत्या.

साहेब म्हणाले, "करा सही. पाच वाजायला आले."

मी पेनाचं टोपण लावलं. खुर्ची मागे सारली, उभा राहिलो, आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, "नाही साहेब. मी सही करणार नाही. शेपूट पूर्ण आहे, अपूर्ण आहे तो नमुना."

टाईप करण्याचा आवाज बंद झाला.

"काय गं? लिही ना. त्यापुढे साहेबांनी डोळे उघडले, आणि..."

"हे मी टाईप करणार नाही, भावोजी."

"का? मांजर जिना चढून आलं ते केलंस."

"केलं."

"खोलीचं जंगल झालं ते केलंस."

"केलं. पंजाची सहीसुद्धा केली, त्यात काय? पण तुम्ही साहेबांना 'नाही' म्हणालात? तुम्ही? मागच्या महिन्यात ताईला कपाट घ्यायला गेलो ते दुकान कुठे होतं? ती चौकी होती त्याच वळणावर ना? गाडी तिथे लावली, तर तुम्ही खाली उतरायला तयार नव्हतात. ताई म्हणाली, गुडघे दुखत असतील. दुखत होते का हो?"

मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"ती चौकी त्याच शुक्रवारी बंद झाली," मेहुणी म्हणाली. "दोन सह्यांनी."

"अगं, पण वाचणाऱ्यांना काय कळणार आहे? त्यांनी मांजर मानलं, तर हेही मानतील."

"मांजर मानतील. हे नाही मानणार," ती म्हणाली. "असे कागद त्यांच्याही पुढे सरकवले गेलेत, भावोजी. पाच वाजायला आले होते, आणि तेही सही करूनच घरी गेलेत."