अस्वलाच्या झोपेवर बेतलेलं बीळ

चूक झिपरू मुंगसाची होती. मुलांनो, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मोठी मंडळी मध्येच येऊन सगळा दोष थंडीवर ढकलतील.

तर डोंगरमाथ्यावरच्या एका गार जंगलात हा झिपरू राहायचा. घुबड गुरुजींचं गुरुकुल त्याने अर्धवट सोडलं होतं. "तुम्हाला काही येत नाही," असं गुरुजींना तोंडावर सांगून निघाला आणि निघताना त्यांचंच मॉडेल उचलून आणलं. बंडखोर असेच असतात.

मॉडेल म्हणजे संगणकातलं खोटं बीळ. त्यात खोटी थंडी सोडायची आणि हीट पंप बीळ किती गरम ठेवेल ते बघायचं. हीट पंप म्हणजे बाहेरच्या गार हवेतली उरलीसुरली ऊब ओढून आत सोडणारं यंत्र. गुरुजींनी ते मॉडेल बर्फाच्या देशातल्या एका अस्वलाच्या गुहेवरून बेतलं होतं. अस्वल थंडीभर झोपतं. दार उघडत नाही.

झिपरूची तायडी बाळंतपणाला माहेरी आली होती. झिपरूने मॉडेल चालवलं. पडद्यावरचं बीळ मस्त उबदार! त्याने पंप बसवला आणि आईची शेगडी ओढ्यात फेकून दिली.

त्यांच्या घरी दिवेलागणीला दार सताड उघडं ठेवायची पद्धत होती. झिपरू त्याच घरात वाढला होता. पण मॉडेलमध्ये ते दार घालायची त्याला लाज वाटली. फार गावंढळ दिसलं असतं.

तायडीला मुलगी झाली. संध्याकाळी बाबांनी दार उघडलं.

"बाबा, लावा ते! ऊब चाललीय सगळी."

"दिवेलागणीला दार लावू? लक्ष्मीने काय बाहेर ताटकळत उभं राहायचं?"

"पंपाला झेपत नाही हो!"

"मग कसला पंप आणलास? आमची शेगडी कधी कुरकुरली नव्हती."

बाबा बाळाकडे पाठ करून लक्ष्मीची वाट बघत राहिले. तेवढ्यात बाळ बघायला शेजारपाजार आला. सगळे दारातच थांबले आणि पंपाचं कौतुक करत राहिले. बाहेर पंपावर बर्फ साचला आणि त्याला ऊब ओढता येईना. आत बाळ गारठून निळं पडायला लागलं.

"झिपऱ्या, थंडी वाजतेय रे," तायडी म्हणाली.

"शक्यच नाही. हे बघ, पडद्यावर वाजत नाहीये."

"मग मला त्या पडद्यातल्या बिळात नेऊन सोड."

झिपरू गुरुजींकडे पळाला. गुरुजींनी मान पूर्ण मागे फिरवून विचार केला.

"मॉडेल बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमच्या घरचे जागे का असतात?"

तो परतला तेव्हा तायडी बाळाला पोटाशी धरून सासरच्या बिळात निघून गेली होती. तिथे शेगडी होती.

तात्पर्य: बीळ उबदार ठेवणं अगदी सोपं आहे. फक्त त्यात कुणी राहू नये.

झिपरूला भाची अजून कुणी मांडीवर घेऊ दिलेली नाही.