कंपनीचे व्याही

आमच्या डोंगरकडा गावच्या मारोतकाकांनी पुण्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या मॅनेजरला भर कार्यक्रमात टॉवेल, टोपी आणि नारळ असा आहेर केलेला आहे. नुसता हातात दिला नाही. तो नको नको म्हणत असताना टोपी त्याच्या डोक्यावर घातली आणि हात जोडून म्हणाले, "लेकरू तुमच्या पदरात टाकलं. काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या."

झालं होतं असं, की काकांची एकुलती एक शीतल, काकू गेल्यावर काकांनीच वाढवलेली, शिकून त्या कंपनीत लागली. कंपनीनं एकदा पोरांच्या आईबापांना कौतुकानं बोलावलं. तिथं कुणीतरी माइकवर बोललं, "शीतल आता आमच्या कुटुंबातली झाली." असली वाक्यं बोलून विसरायची असतात. पण काकांनी ते धरून ठेवलं. पोरगी त्या घरातली झाली, म्हणजे ते तिचं सासर आणि काका कंपनीचे व्याही! जेवणाचा एवढा थाट, पण हे उपाशी. "पोरीच्या सासरी पहिलं लेकरू होईस्तोर बाप जेवत न्हाई," म्हणाले. इथं लेकराचा काय संबंध, असं शीतलनं कपाळाला हात लावून विचारलं. तर म्हणाले, "बरं, मंग पहिलं प्रमोशन होईस्तोर."

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. समोर काकांचं घर, मधे फक्त रस्ता. दुकानापुढच्या बाकावर रोज संध्याकाळी भांडवलशाहीवर चर्चा होते. हसू नका; ज्याचं सोयाबीन उगवलं नाही, त्याच्याइतकं जीव तोडून ह्या विषयावर कोण बोलणार? शिव्या बियाण्याच्या कंपनीला असतात, पण कंपनी लांब आणि तोंडासमोर मी, तेव्हा ऐकून मलाच घ्याव्या लागतात. बाकावरचे मुख्य वक्ते गौतम सर. ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेले.

"नफा हाच कंपनीचा देव असतो, मारोतराव," सर सुरू करायचे.

"मंग शेतकरी काय तोट्यासाठी पेरतो व्हय?"

"पण कंपनीची समाजाप्रती काही जबाबदारी?"

"हाय ना! झाड लावलं त्यांनी. शीतलनं फोटू धाडला."

"बघितला. एवढंसं रोप, आणि त्याला धरून अख्खं ऑफिस उभं!"

"मंग? एकट्यानं धरलं तर पडंल ना."

असं चालायचं. बियाण्याची कंपनी असो, मोबाइलची असो की बिस्किटाची, काकांच्या लेखी सगळी व्याह्यांची भावकी. दरसाल नव्या हळदीची पिशवी मॅनेजरला जायची म्हणजे जायची. सरांनी फारच ताणलं की काका कळवळून म्हणायचे, "हळू बोला हो सर. पोरगी नांदून राहिली तिथं."

यंदा उन्हाळ्यात शीतल बॅग घेऊन परत आली. कंपनीनं एका ऑनलाइन मीटिंगमध्ये बऱ्याच जणांना कमी केलं, त्यात ही. पोरगी घराबाहेर पडेना. रस्त्याकडची खिडकीसुद्धा लावून घेतली. आणि गाव ते गाव! "एवढ्या पोरांतून हिलाच काहून काढलं? काहीतरी केलं असंल," ही कुजबुज माझ्याच बाकावर झाली. मी असा खेकसलो की बोलणारा युरिया न घेताच निघून गेला. पण खरं दुखणं निराळंच होतं.

"गावाचं सोडा," काका मला आणि सरांना म्हणाले. "पोरगीच म्हणून राहिली, 'अप्पा, मलाच काम येत नसंल बराबर.' चला पुण्याला. पोरगी माघारी धाडली तर चार माणसं घेऊन विचारायला जावं लागतं."

चौथं माणूस मिळेना, तिघंच गेलो. अख्ख्या प्रवासात सर भाषणाची उजळणी करत होते. कंपनीच्या काचेच्या दारात वॉचमननं विचारलं, कोणाला भेटायचंय?

"व्याह्यांना," काका म्हणाले.

बऱ्याच वेळानं गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण खाली आला. त्यानं पाणी मागवलं. काकांनी ग्लास बाजूला सारला. प्रमोशन कुठं झालं होतं!

"आमच्या पोरीत काय खोट निघाली, तेवढं या माणसांत सांगा."

पोरगं बिचारं गडबडलं. "खोट काहीच नाही, काका. शीतलचं काम खूप चांगलं होतं. पण कंपनीला खर्च कमी करायचा होता."

"म्हंजे पोरीची चूक न्हाई?"

"नाही हो."

"मोठ्यानं सांगा. हे साक्षीदार हायेत."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. काका लगेच उठले. "चला."

"अहो, मला बोलायचंय अजून!" सर म्हणाले. पण कंपनीची नैतिक जबाबदारी त्यांच्या पोटातच राहिली.

परत आलो त्या संध्याकाळी बाक गच्च भरला. काका समोरच्या बंद खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि अशा आवाजात सुरू झाले, की रस्त्यावरची माणसं थांबली. "कुटुंब म्हणायचं, अन् खर्च वाढला की लेकरू उंबऱ्याभाईर? आपल्या घरी पीठ कमी पडलं तर आपण आपल्या ताटातली भाकर मोडतो, का लेकराला हाकलतो? पोरीत काडीची खोट न्हाई! त्यांच्याच माणसानं तोंडावर सांगितलं!"

हे सगळं सर जन्मभर बोलत आलेले. मला वाटलं, आता ते टाळी देतील. तर सर शांतपणे म्हणाले, "पण मारोतराव, शेतकरी काय तोट्यासाठी पेरतो?"

मी बघतच राहिलो. सर आणि कंपनीच्या बाजूनं!

काका आणखी चढले. "शेतकरी तोटा आला म्हणून पोराला बांधावर सोडून येत न्हाई, सर! खोट कंपनीत हाय, कंपनीत! माझ्या पोरीत न्हाई!"

मग एकदम आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "तिकडं ऐकू गेलं असंल का हो?"

तेवढ्यात समोरची खिडकी करकरली.

"अप्पा, अख्ख्या डोंगरकड्याला ऐकू गेलं! चहा टाकलाय, या आता. सरांनाबी आणा."

काकांनी टोपी काढून डोळे पुसले. रस्ता ओलांडता ओलांडता ते सरांच्या कानाशी लागले.

"उद्याबी हाच विषय घ्या, सर. तुमी कंपनीकडून."