चौघांच्या परवान्यात पाचवी

"पाच आवाज सापडले," एर्मान्नोनं लॅपटॉपच्या पडद्यावरची लाल अक्षरं वाचून दाखवली. "तुमचा परवाना चार आवाजांपुरता आहे. पुढे जाण्यासाठी जादा रक्कम भरा."

किरिकोनं एक एक करत बाकिझिओच्या तळघरातली माणसं मोजली. चारच होती. मग त्यानं दारूच्या पिंपामागेही वाकून पाहिलं.

"परत मोजायला सांग त्याला," बाकिझिओ म्हणाला.

"तीनदा सांगितलं, तिउ. पाचच म्हणतंय," एर्मान्नो म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे तिउ म्हणतात.

"पैसे उकळायचा धंदा आहे," किरिको म्हणाला. "तराजूवर अंगठा कसा ठेवतात ते मला चांगलं कळतं."

"तुला नाही कळणार तर कुणाला कळणार," एफिझिओ म्हणाला. गेली तीस वर्षं तो मटण किरिकोकडूनच घेत होता.

आमच्या मोंतेलूरात ईस्टरच्या आधीच्या सोमवारी जी मिरवणूक निघते, तिच्यात क्रुसापुढे गाणारे हे चौघं. बाकिझिओनं जन्मभर गावची बस चालवली. मुख्य आवाज त्याचा. किरिको खाटीक अंगानं बैलासारखा, पण त्याच्या गळ्यातून सगळ्यात वरचा, दोऱ्यासारखा बारीक सूर निघतो. देवळाच्या घड्याळाला चावी देणारा एफिझिओ मधला आवाज लावतो. खर्ज बाइन्जोचा होता. तो गेला, आणि बाकिझिओनं त्याच्या जागी आपल्या जावयाला, एर्मान्नोला उभं केलं. तिथंच गावाचं डोकं फिरलं, कारण एर्मान्नो इटलीच्या मुख्य भूमीवरच्या तोरिनोचा. समुद्र ओलांडून आमच्या बेटावर आलेल्या माणसाला आम्ही 'पलीकडचा' म्हणतो. इथं लग्न करा, घर बांधा, शाळेत आमच्या पोरांना गणित शिकवा, तो शब्द काही पुसला जात नाही.

आता पाचवीबद्दल सांगायला हवं. आमचे चौघं डोक्याला डोकं लावून खरे जुळून गायले, की एक पाचवा आवाज ऐकू येतो. गात कुणीच नसतं. आवाज बाईचा असतो, गाणाऱ्यांच्या डोक्यांच्या जरा वर कुठंतरी. स्वयंभू. ती कोण, हे आम्ही विचारत नाही. ती आली की टोप्या काढतो. मी लहानपणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा आईचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बोटावर वळ उठला.

बाइन्जो गेल्यापासून पाचवी आली नव्हती. मिरवणुकीचा कारभार पाहणाऱ्या तिउ आन्तिओकोंनी सरळच सांगितलं होतं, "शनिवारी मी ऐकायला येतो. आली तर ठीक. नाही आली तर पलीकडच्याला बाजूला करायचं आणि खर्जाला वरच्या आळीतला माणूस घ्यायचा." बाकिझिओ यावर काही बोलला नव्हता, आणि एर्मान्नोला त्या न बोलण्याचीच जास्त भीती वाटत होती. आपल्या लग्नात त्यानं हे गाणं पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवसापासून त्याला या गावात एकच जागा हवी होती: त्या चौघांच्या खांद्यांमधली.

म्हणून त्यानं इंटरनेटवरून ते सॉफ्टवेअर मागवलं. चौघांचं गाणं त्यात घातलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून देतं, म्हणजे आपण नेमके कुठं घसरतो ते घरी बसून ऐकता येईल. त्याचं खरं नाव लांबलचक होतं; गाव त्याला चाळणी म्हणू लागलं. पैसे चौघांच्या दारूच्या वर्गणीतून गेले होते, त्यामुळे प्रकरण नाजूक होतं.

तुम्ही म्हणाल, पाच आवाज म्हटल्यावर यांना एवढं समजू नये? पण पाचवी आली की अंगावर काटा येतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. ती लाल अक्षरात येते आणि जादा पैसे मागते, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय गाताना ते तिघं एर्मान्नोची चूक पकडायला टपलेले, आणि एर्मान्नो स्वतःची. एवढे कान कामात असल्यावर दुसरं काय ऐकू येणार?

एर्मान्नोनं विक्रेत्याला लिहिलं, की माल सदोष आहे, पैसे परत करा. तिकडून मिलेना नावाच्या बाईंचं उत्तर आलं. फार अदबीचं होतं. दोष असेल तर पैसे जरूर परत मिळतील, मात्र तो सिद्ध करावा लागेल. चौघांखेरीज दुसरा कसलाही आवाज नसलेलं गाणं पाठवा.

"कसलाही म्हणजे?" बाकिझिओनं विचारलं आणि हळूच वर पाहिलं. वर स्वयंपाकघरात त्याची बायको नान्नेद्दा भांडी घासता घासता गुणगुणत होती.

"मी?" नान्नेद्दा जिन्यातून खाली ओरडली. "माझ्या घरात, माझ्या तोंडानं, मी गुणगुणायचं नाही?"

"एक तासाचा प्रश्न आहे गं. बहिणीकडे जाऊन ये."

"दोन दिवस जाते. जेवणाचं बघा तुमचं तुम्ही."

ती गेली. चौघं गायले. चाळणी म्हणाली, पाच.

मग संशय फ्रिजवर गेला. किरिकोनं त्याला कान लावला आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, "ही बया गुणगुणते." फ्रिज बंद झाला. आत ईस्टरचं कोकरू होतं आणि नान्नेद्दाचं ताजं चीज. कोकराची आठवण किरिकोला दुसऱ्या दिवशी झाली आणि चीजची सगळ्या गल्लीला. चाळणी म्हणाली, पाच. शेजारचा कोंबडा दूरच्या शेतावर पाठवला. पाच. गल्लीतल्या पोरांचा चेंडू जप्त झाला. पाच. समोरच्या न्हाव्यानं रेडिओ बंद केला आणि तो स्वतःच पायरीवर येऊन बसला, कारण आता त्यालाही निकाल ऐकायचा होता.

शेवटी सगळे एफिझिओकडे पाहू लागले.

"घड्याळाला मी हात लावणार नाही," एफिझिओ म्हणाला. "युद्धातसुद्धा ते थांबलं नव्हतं."

"त्याची टिकटिक इथपर्यंत येते."

"येऊ दे. तुमच्या एकोणनव्वद युरोंसाठी मी देवाचं घड्याळ बंद करू?"

"त्यातले बावीस तुझे आहेत," किरिकोनं आठवण करून दिली. एफिझिओनं गुपचूप किल्ली घेतली.

मोंतेलूराचं घड्याळ थांबलं आणि गावाची घडीच विस्कटली. देवळाच्या टोल्यावर भट्टी उघडणाऱ्या बेकरीवाल्याचे पाव करपले. जिल्ह्याची बस लोकांनी चुकवली आणि बसवाल्याला शिव्या घातल्या. म्हाताऱ्या प्रार्थनेला आल्या तेव्हा पाद्रीबाबा घरी झोपलेले होते. पण सॉफ्टवेअर विकणारे आपल्या माणसांना लुबाडताहेत असं कळल्यावर गाव चिडून गप्प बसलं. लोक चपला हातात घेऊन बाकिझिओच्या दारावरून जाऊ लागले. मी स्वतः शिंक दाबून कोपऱ्यापर्यंत पळत गेलोय. आमचं गाव असं शांत मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या शांततेचीच थोडी भीती वाटली.

तळघरात चौघांनी मोबाइल चिजाच्या फळीवर उभा केला, म्हणजे तोंडं चारच आहेत हे त्या मिलेनाबाईंना डोळ्यांनी दिसावं. ते गाणं त्या आठवड्यात ते इतक्यांदा गायले होते, की एर्मान्नोच्या चुका शोधायचं त्राण आता कुणात उरलं नव्हतं. त्यांना फक्त पैसे परत हवे होते. किरिकोचे पाय दुखत होते म्हणून त्यानं आपला भला थोरला हात एर्मान्नोच्या खांद्यावर टाकला. एर्मान्नोनं डोळे मिटले. गायले. चाळणी म्हणाली, पाच.

"पाठव," बाकिझिओ म्हणाला. "बघू आता काय तोंड दाखवतात ते."

मिलेनाबाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. एर्मान्नो मोठ्यानं वाचू लागला.

"'आपली चित्रफीत मी स्वतः कानाला हेडफोन लावून ऐकली. चार पुरुष दिसत आहेत, हे मान्य. परंतु गाणाऱ्या बाईंना आपण कॅमेऱ्यामागे उभं केलं आहे. आवाज इतका सुंदर आहे की मी तो पुनःपुन्हा ऐकला, त्यामुळे राग जरा कमी झाला. तरीही खोट्या तक्रारीवर पैसे परत मिळत नाहीत. त्या बाईंचं नाव कळवावं.'"

"कोण बाई?" किरिको तावातावानं म्हणाला. "इथं कुठली आली बाई? आम्ही चार गडी नि..."

तो तिथंच थांबला.

फ्रिज बंद होता. घड्याळ बंद होतं. एफिझिओनं भिंतीला हात टेकला. बाकिझिओनं डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून छातीशी धरली. एर्मान्नो पडद्याकडे बघत राहिला. त्यानं ते वाक्य मनातल्या मनात परत वाचलं असावं, कारण त्याचे ओठ हलत होते.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून..." एफिझिओ कुजबुजला.

"आपण तिला फ्रिज म्हणालो," किरिको म्हणाला. एवढा धिप्पाड माणूस, पण त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "मी बया म्हणालो तिला."

मग किरिकोनंच घसा साफ केला. "एर्मान्नो, ते जादा पैसे भरले तर... ती एकटी ऐकू येईल का रे? नुसती ती?"

"येईल," एर्मान्नो म्हणाला. त्याचं बोट बटणावरच होतं.

"खबरदार!" जिन्यातून आवाज आला. नान्नेद्दा बहिणीकडून परत आली होती आणि बरोबर ताजं चीज घेऊन आली होती. "चार जणांत आपणहून येते बिचारी. तिला चाळून एकटी बाहेर काढता? लाज वाटते का?"

एर्मान्नोनं लॅपटॉप मिटला. त्याला फार हायसं वाटलं.

शनिवारी तिउ आन्तिओको आले. ते खुर्चीत बसले, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि नकार घरूनच ठरवून आल्यासारखे डोळे मिटून म्हणाले, "हं." गल्लीत सगळं गाव उभं होतं; मी खिडकीच्या गजाशी होतो. चौघांनी डोकी जवळ आणली. या वेळी कुणी कुणाची चूक शोधत नव्हतं. एर्मान्नोचा खर्ज जमिनीतून आल्यासारखा उठला, बाकीचे तीन त्यावर येऊन टेकले, आणि मग ती आली. कशी आली ते सांगता येत नाही. आधी नव्हती आणि मग होती, एवढंच. माझ्या शेजारी बेकरीवाला होता. करपलेल्या पावांबद्दल तो आठवडाभर शिव्या देत होता, त्यानं माझा दंड धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

गाणं संपलं. तिउ आन्तिओको काठीचा आधार घेऊन उठले.

"घड्याळ सुरू करा आता," ते एफिझिओला म्हणाले. मग एर्मान्नोकडे वळले. "सोमवारी गरम कपडे घालून ये. पहाटे वारा फार असतो." आणि ते घरी गेले.

रविवारी सगळे जेवायला बसणार तोच लॅपटॉप वाजला. मिलेनाबाईंनी पत्राच्या शेवटापर्यंत माफीच मागितली होती. त्यांच्या तंत्रज्ञांनी चित्रफितीतले ओठ एक एक करून तपासले होते. चारच माणसं गात होती, तक्रार खरी होती. नसलेला आवाज मोजणं हा सॉफ्टवेअरमधला गंभीर दोष होता. तो आता काढून टाकला आहे, दुरुस्त सॉफ्टवेअर आज आपोआप तुमच्याकडे येईल आणि यापुढे चारच आवाज मोजेल. पूर्ण रक्कम परत केली आहे.

"काढून टाकला?" बाकिझिओ उभाच राहिला. "तिला काढून टाकलं? वायर काढ त्याची!"

"वायर नाहीये, तिउ. हवेतून येतं ते."

"मग हवा बंद कर!"

एफिझिओनं घरातला दिसेल तो प्लग उपटला, त्यात नान्नेद्दाचा फ्रिजही परत बंद पडला. गोंधळ शमल्यावर एर्मान्नो म्हणाला, "खाली अजून एक ओळ आहे. 'हे कामाचं नाही, पण मला राहवत नाही. मग गात कोण होतं?'"

बाकिझिओ पुन्हा खुर्चीत बसला.

"लिही," तो म्हणाला. "पैसे नकोत. मालात काही दोष नव्हता, उगीच बोल लावला, माफ करा. गाणारे पाचच होते."

एर्मान्नो लिहू लागला.

"चौघं इथलेच. पाचवी कुठली ते माहीत नाही, आम्ही कधी विचारलं नाही."

बोटांचा आवाज थांबला. "चौघं?" एर्मान्नोनं विचारलं. तो पडद्याकडेच बघत होता.

"चौघं."

"इथले?"

"गणित तू शिकवतोस की मी?" बाकिझिओ म्हणाला आणि पाव मोडायला घेतला. "लिही पटकन. जेवण गार होतंय."