ओढ्यापलीकडची पवनचक्की

"शनिवारच्या आत ताईच्या माळावरच्या पवनचक्कीला परवानगी दिली नाही, तर नावाचा नियमराव नाही!" हेडक्लार्क सगळ्या कचेरीसमोर छाती फुगवून म्हणाले.

कारणही तसंच होतं. प्रांताला स्वायत्तता मिळाली होती! वाऱ्या-उन्हाच्या विजेची परवानगी आता राजधानीतून यायची नव्हती, याच दोन खोल्यांतून द्यायची होती. त्यासाठी वीज-अधिकाऱ्याची नवी खुर्ची आली. बसायला माणूस मिळेना. म्हणून तिचा कार्यभार हेडक्लार्ककडेच. फाइल लिहिणारे तेच, मंजूर करणारेही तेच!

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, गावात तिची दूध डेअरी. वीज दिवसातून चारदा जायची आणि टाकीभर दूध नासायचं. रडकुंडीला आली होती बिचारी. कंपनी तिच्या माळावर पवनचक्की उभारून पहिली वीज तिच्या टाकीला देणार होती. शनिवारपर्यंत परवानगी नाही मिळाली, तर पवनचक्की ओढ्यापलीकडे, शेजारच्या प्रांतात जाणार होती.

सोमवारी नियमरावांनी झकास टिपण लिहिलं : "मंजुरीस हरकत नसावी. आदेशार्थ सादर." मग कोट चढवून ते आतल्या खोलीत अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसले आणि तेच टिपण वाचू लागले. इथेच माशी शिंकली! बावीस वर्षं त्यांनी फायली वर पाठवल्या होत्या, पण पहिल्या फटक्यात मंजूर झालेली एकही पाहिली नव्हती. लगेच सही करणारा तो अधिकारी कसला? त्यांनी शेरा मारला : "वारा ओढ्यापलीकडून, म्हणजे परप्रांतातून येतो. त्यांची संमती घेतली काय? खुलासा व्हावा."

कोट काढून बाहेरच्या टेबलाशी आले, शेरा वाचला आणि भडकले.

"या वरच्यांना अक्कल आहे का हो काही?"

"वरचे म्हणजे तुम्हीच ना?" टायपिस्ट बाई म्हणाल्या.

"म्हणून काय झालं? पदाचा काही मान असतो!"

मंगळवारी त्यांनी खुलासा धाडला : "वारा कोणाला विचारून येत नाही." बुधवारी अधिकाऱ्याला ही भाषा उद्धट वाटली. वाटणारच, होतीच तशी! कारणे दाखवा नोटीस निघाली. बाईंनी ती टाइप केली आणि रीतसर सही घेऊन हातात दिली. गुरुवारी नियमरावांनी सात पानी उत्तर दिलं. शुक्रवारी ते असमाधानकारक ठरलं आणि हेडक्लार्क निलंबित झाले. त्या हुकमावर सही ठोकताना नियमरावांना फार समाधान वाटलं. असल्या माणसांना सरळ करायलाच हवं!

शनिवारी सकाळी ताई कंपनीच्या इंजिनियरला घेऊन कचेरीत थडकली. भाऊराया बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"अरे, सही कर ना! पवनचक्कीचा ट्रक दारात उभा आहे."

"ताई, मी निलंबित आहे."

"अगं बाई! कोणी केलं?"

"मीच."

"मग घे की स्वतःला परत!"

"कसं घेऊ? अधिकाऱ्याचा कार्यभार हेडक्लार्ककडे. हेडक्लार्क निलंबित, म्हणजे अधिकारीही गेला!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. इंजिनियरने एकदा नियमरावांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि ट्रक वळवायला सांगितला.

पवनचक्की ओढ्यापलीकडे उभी राहिली. त्या प्रांताला स्वायत्तता-बियत्तता काही नाही. तिथल्या कारकुनाने फाइल न वाचता राजधानीला पाठवली, राजधानीने न वाचता सही केली. तिसऱ्या दिवशी परवानगी हातात!

आता ताईचं सगळं दूध रोज सकाळी ओढा ओलांडून तिकडे थंड व्हायला जातं. नियमराव रविवारी बहिणीकडे जातात. ती ये म्हणते, बस म्हणते, चहाही देते.

कोरा.