भाऊमंडळींचं पातेलं

“वळेल गं ते जपानकडे,” थिएनफू म्हणाला आणि वादळासाठी आणून ठेवलेल्या नूडल्सचा तिसरा डबा त्याने फोडला.

पाओचूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस ती एकटी राबत होती. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून झाल्या होत्या, न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून झाला होता, बाटल्यांत पाणी भरून त्यांचा बर्फ करून झाला होता. टॉर्च, मेणबत्त्या, गॅसची शेगडी, सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं. जनरेटर तर तिने दुकानदाराशी आणि दोन गिऱ्हाइकांशी भांडून, शेवटचा नग म्हणून उचलून आणला होता. आणि तिचा हा नवरा या तयारीत एकच काम करत होता, ते म्हणजे तयारी खाण्याचं.

“मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतास, म्हाताऱ्या माकडा! तीन दिवस वीज नव्हती.”

“मग आपलं काय गेलं? मासे तर सूयिंगचे सडले.”

खरी मेख तिथेच होती. आमच्या बंदरगावात सातव्या महिन्यात ‘त्यांचं’ खरं नाव कुणी घेत नाही. मेल्यावर ज्यांना जेवू घालणारं मागे कुणी उरत नाही ते या महिन्यात मोकळे फिरतात, आणि सगळे त्यांना आदराने ‘भाऊमंडळी’ म्हणतात. पौर्णिमेला गल्लीच्या तोंडाशी मेज मांडून त्यांना जेवण वाढायचं, आणि त्याचा यजमान कोण हे देवळात लाकडी कौल टाकून ठरवायचं. मागच्या वर्षी यजमानपण शेजारच्या सूयिंगकडे होतं. वादळात वीज गेली, माशांना वास आला, आणि तेच मासे मेजावर गेले. तेव्हापासून पाओचू मासळीबाजारात, न्हाव्याकडे, दवाखान्याच्या रांगेत, भेटेल त्याला सांगत सुटली होती, “भाऊमंडळींना नासकं वाढलं हो बाईनं!”

यंदा कौलाने लागोपाठ तीनदा पाओचूचं नाव दिलं. त्या दिवसापासून सूयिंग तिच्याकडे बघून रोज सकाळी गोड हसत होती. पाओचूच्या फ्रीझरमध्ये आठ कोंबड्या, डुकराचं अख्खं मुंडकं, माकुल मासे आणि सॉसेजच्या माळा होत्या. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती आणि वादळ आज दुपारी धडकणार होतं. या वादळांना आमचाच किनारा का दिसतो, देव जाणे. समुद्र एवढा मोठा आहे.

सकाळी दहाला वीज गेली. पाओचू जवळजवळ खूशच झाली. “बघितलंस? वळलं का जपानकडे?” असं म्हणत तिने जनरेटर पडवीत ओढला आणि पेट्रोलचा कॅन उचलला. कॅन हाताला अगदी हलका लागला.

“यातलं पेट्रोल कुठाय?”

थिएनफूने खाणं थांबवलं. “स्कूटरमध्ये घातलं. काल नूडल्स आणायला जायचं होतं ना.”

“अरे पण घरात चाळीस डबे होते!”

“तिखटवाले संपले होते.”

यापुढे पाओचू जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. स्कूटरमधलं पेट्रोल काढायला जावं तर स्कूटर थिएनफूच्या मित्राकडे गोदीवर होती, आणि गल्लीच्या तोंडाशी वडाचं झाड आडवं झालं होतं. रागाच्या भरात ती दर दहा मिनिटांनी फ्रीझर उघडून आत हात घालू लागली.

“उघडू नकोस गं, गारवा जातो,” थिएनफू म्हणाला.

“गारवा आहे की नाही ते बघायला नको?”

एवढं बघितल्यावर गारवा राहतोय कशाला? दोन वाजेपर्यंत वरच्या चार कोंबड्या मऊ पडल्या. त्या वाचवायच्या म्हणून तिने सगळ्यांत मोठं पातेलं गॅसवर चढवलं, आलं आणि कांद्याची पात घालून कोंबड्या शिजवल्या, वर माकुल आणि दोन माळा सॉसेजही टाकले. उरलेल्या मालावर बर्फाच्या बाटल्या रचल्या आणि वीज कचेरीला फोन लावला. तो तिचा एकेचाळिसावा फोन होता.

“काकू, अख्ख्या तालुक्याची वीज गेलीय हो,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“तालुक्यात हजार घरं असतील. भाऊमंडळींची यजमानीण मी आहे!”

“माणसं निघाली आहेत, काकू.”

“सकाळपासून निघालीच आहेत! नाव सांग तुझं.”

“कशाला?”

“इथलं अन्न नासलं तर भाऊमंडळींना तुझ्याकडे पाठवते. चार येवोत, चाळीस येवोत, तूच वाढ त्यांना!”

ती मुलगीही इथलीच होती. “या महिन्यात असं बोलू नका हो,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली. “बघते मी. आत्ताच्या आत्ता बघते.”

फोन ठेवल्यावर पाओचूलाही आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं. पण माघार घेणं तिच्या रक्तातच नव्हतं, म्हणून तिने नवऱ्याला आणखी चार शब्द सुनावले.

साडेचारच्या सुमाराला बाहेर काळोखून आलं होतं आणि वारा छपराचे पत्रे खाजवत होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर थाप पडली.

“पाओचू काकू! ओ पाओचू काकू!”

थिएनफू उठायला लागला. पाओचूने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. सातव्या महिन्यात मागून कुणी नावाने हाक मारली तर ओ देऊ नये, हे आमच्याकडे पोराला चालण्याआधी शिकवतात. त्यात हे मागचं दार आणि असं वादळ.

“काकू, तुम्हीच बोलावलंत ना? चौघं आलोय!”

“चौघं,” थिएनफू कुजबुजला. “तू फोनवर चार म्हणालीस.”

“चाळीस पण म्हणाले.”

“मग छत्तीस मागाहून येत असतील.”

“दार उघडा की! सकाळपासून पोटात अन्न नाही, नुसते भिजतोय! तुमचा आरडाओरडा ऐकून सगळं सोडून आलो!”

थिएनफूने डोळे मिटून ठाऊक असलेल्या सगळ्या देवांची नावं घ्यायला सुरुवात केली. पाओचूही घाबरली होती, पण घाबरली की तिचा राग दुप्पट होत असे. ती दाराकडे तोंड करून कडाडली, “पौर्णिमेचं बोलावणं आहे! दोन दिवस आधी येऊन टपकायची ही कुठली रीत?”

बाहेरून आवाज आला, “पौर्णिमेला आलो असतो तर चाललं असतं का तुम्हाला?”

पाओचूने पातेलं उचललं, डोळे गच्च मिटले, ओट्याजवळची खिडकी उघडली आणि पातेलं बाहेर ढकललं. “हे तुमचंच आहे! खा आणि जा! आत पाऊल टाकायचं नाही!”

बाहेरून कुणीतरी पातेलं अलगद धरलं. मग हाडं चोखल्याचे आवाज येऊ लागले.

“काकू, थोडा सोया सॉस मिळेल?”

थिएनफूने बाटली खिडकीबाहेर धरली. “सॉस कसा मागतात गं?”

“जिवंतपणीची सवय असेल. गप्प बस.”

आणखी दहा मिनिटं अशी गेली. मग कुणीतरी भरल्या पोटाने ढेकर दिला आणि तोच आवाज म्हणाला, “काकू, आता तरी शिडी आत घेऊ द्या. खांब तुमच्या पुढच्या अंगणात आहे, अन् गल्लीत झाड आडवं, तिकडे जायला वाट तुमच्याच घरातून.”

थिएनफूने देवांची नावं घ्यायचं थांबवलं. “यांना शिडी कशाला लागते?”

पाओचूने एक डोळा उघडला. खिडकीबाहेर पिवळे रेनकोट आणि हेल्मेट घातलेली चार माणसं उभी होती. सगळ्यांत पुढच्याच्या एका हातात कोंबडीची तंगडी होती आणि दुसऱ्यात शिडी. मागच्या बोळात वीज कचेरीची गाडी दिवा लुकलुकवत उभी होती.

“मेल्यांनो!” तिने दार सताड उघडलं. “वीज कचेरीचे आहोत म्हणून सांगायला तोंड नव्हतं?”

“तीनदा सांगितलं, काकू,” तंगडीवाला म्हणाला. त्याच्या कोटावर ‘छाई’ असं नाव लिहिलेलं होतं. “आतून कुणीतरी मोठमोठ्यांदा देवांची नावं घेत होतं, त्यात ऐकू गेलं नसेल.”

पाओचूने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

पाऊण तासात वीज आली. पंचाईत पातेल्याची होती. त्यात अजून अर्धी कोंबडी आणि बरंच माकुल शिल्लक होतं. पण ‘हे तुमचंच आहे’ असं भाऊमंडळींना उद्देशून बोललेलं, एकदा घराबाहेर गेलेलं अन्न आत परत घेता येत नाही. ते कुणी का खाईना. पाओचूने दात-ओठ खात पातेलं गाडीत ठेवू दिलं आणि वीजवाले गेल्यावर नवऱ्याला बजावलं, “यातला एक शब्द जरी गल्लीत फुटला तर जन्मभर नूडल्स खाशील. बिनतिखट.”

पौर्णिमेच्या दुपारी आकाश असं निळं होतं की राग यावा. मेज मांडलं गेलं, उदबत्त्या लागल्या, अख्खी गल्ली मेजासमोर रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. सूयिंग नाक पुढे काढून मेजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. वास काही येईना, तेव्हा ती मोजायला लागली.

“आठ कोंबड्या म्हणत होतीस ना गं?”

“मग?”

“चारच आहेत. माकुल तर दिसतच नाही. भाऊमंडळींच्या तोंडचं काढून कुणी खाल्लं?”

गल्लीतली सगळी डोकी पाओचूकडे वळली. खरं सांगावं तर सूयिंग ते वर्षभर मासळीबाजारात, न्हाव्याकडे आणि दवाखान्याच्या रांगेत सांगणार. रागाने तिचे कान लाल झाले. तिने कौलाचे लाकडी तुकडे उचलले, मनात भाऊमंडळींनाच विचारलं आणि टाकले. दोन्ही पालथे पडले. म्हणजे नकार. सूयिंग मुद्दाम खोकली.

पाओचूने तुकडे पुन्हा उचलले. या वेळी ती मोठ्याने बोलली, आणि आवाजात विनंती कमी, भांडण जास्त होतं. “भाऊंनो, खरं सांगा! माझ्याकडे तुमचं पोट भरलं की नाही?”

“भरलं, काकू! तुडुंब!” मागून एका पुरुषाचा आवाज आला. “कोंबडी तर अशी होती, की पोरं अजून नाव काढतात!”

पाओचूच्या हातातून तुकडे निसटले. एक उताणा पडला, एक पालथा. होकार.

तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गल्लीतल्या एकाही माणसाने मान वळवली नाही. सूयिंगने उदबत्ती धरलेले हात घाईघाईने जोडले.

“पातेलं घासून आणलंय हो! इथंच ठेवतो!”

थिएनफूने छाईचा आवाज ओळखला आणि तोंड उघडलं. पाओचूने त्याच्या पायावर सगळा भार टाकला, तसं ते मिटलं.

“ठेवा, भाऊ,” ती समोर बघूनच म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. मग ती सूयिंगच्या कानाशी वाकली.

“मागच्या वर्षी तुझं भांडं परत आणून दिलं होतं का गं कुणी?”