आरशाची काठी आणि नवकल्पना समिती

कर्मचाऱ्याच्या डोक्यात नवी कल्पना कुठून येते, हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या संस्थांना छळत आला आहे. मलावीतल्या मपिंगा गावच्या पाणीपुरवठा मंडळाला तो छळत नव्हता. तिथे कल्पना आल्याच तर त्या वरिष्ठांना कळत नसत, आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

विटनेस कालिंबुका तिथे मीटर वाचायचा. मपिंगात मीटर कुंपणाच्या आत असतात आणि कुत्रीही कुंपणाच्या आत असतात (ही व्यवस्था कुणी केली, याची दप्तरी नोंद नाही). तीनदा चावून घेतल्यावर विटनेसनं बांबूच्या टोकाला मोटारसायकलचा आरसा बांधला आणि कुंपणाबाहेरूनच आकडे वाचू लागला. आकडे उलटे दिसत, पण पोटरी शाबूत राही. दोन वर्षं माणूस सुखात होता.

मग मंडळानं नवकल्पना समिती नेमली. नऊ सभासद, सरोवराकाठी तीन दिवसांचं शिबिर, रोज दुपारी तळलेला चांबो मासा. परतल्यावर अध्यक्षा श्रीमती चिपेटा यांनी सर्वांना मोकळेपणानं बोलायला सांगितलं, आणि विटनेस बोलला.

"काठी इथंच ठेव, बाबा. समिती तपासेल," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, उद्या मला गुरुजींच्या घरी जायचंय. दोन कुत्री आहेत हो त्यांची!"

"मंजुरीआधी वापरलीस तर ती नवकल्पना राहत नाही रे. शिस्तभंग होतो."

तपासणी सात महिने चालली. कल्पना कार्यालयीन वेळेत सुचली का, सुचली असल्यास तेवढा वेळ नेमून दिलेलं काम कोण करत होतं, आणि कुत्र्याचं म्हणणं घेतलं आहे का, असे प्रश्न लेखी आले. (शेवटचा पुढे वगळला, कुत्री मंडळाच्या कक्षेत येत नाहीत.) दरम्यान विटनेसला चार चावे बसले. त्यातला एक गुरुजींच्या धाकट्या कुत्रीचा होता, आणि तिच्याकडून त्याची खरोखर ही अपेक्षा नव्हती.

अहवाल एकमतानं आला. नवकल्पनेचं मूळ चाव्यात आहे. कुत्रा न चावलेल्या एकतीस कर्मचाऱ्यांना आजवर काहीही सुचलेलं नाही (पैकी नऊ समितीवर आहेत). सबब, सर्वांना सुचावं म्हणून काठ्यांवर बंदी घालावी. इतक्या सरळ विचारात कुणाला खोट काढता आली नाही.

विटनेस लंगडत व्यासपीठावर गेला आणि नवकल्पनेचं प्रमाणपत्र घेऊन लंगडत उतरला. काठी मॅडमच्या दालनात काचेच्या कपाटात आहे. डोक्याचा रुमाल नीट करायला त्या ती अधूनमधून बाहेर काढतात.

"चिसोमोचे बाबा, पण सांगायला गेलातच कशाला?" जखम धुताना बायकोनं विचारलं. जखम धुऊन होईपर्यंत त्याला दुसरी युक्ती सुचली.

ती पहिलीपेक्षा नामी आहे. तिला बांबू लागत नाही, आरसा लागत नाही, आणि गेले पाच महिने त्याच्या पायावर साधा ओरखडा नाही. मला त्यानं शपथ घालून सांगितली. तुम्हालाही सांगायची परवानगी मी मागितली होती.

"वाचणारे कोण आहेत?" त्यानं विचारलं. "त्यांच्या हाताखाली कुणी काम करतं का?"

"करत असेल की," मी म्हणालो.

"मग राहू द्या," विटनेस म्हणाला.