लाल बादलीतली वाळू

तिसऱ्या मजल्यावरची लाल बादली सकाळी पुन्हा रिकामी दिसली आणि फायर वॉर्डनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बांधकामावर आग लागू नये म्हणून नेमलेला हा माणूस, पण दोन महिने रोज सकाळी पेटत होता तो एकटाच.

चोर कोण, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बादलीपासून दहा पावलांवर गवंडी भिंतीला गिलावा करत होता आणि गिलावा अगदी लोण्यासारखा बसत होता.

"वाळू कुठंय?"

"कुठली?"

"माझी. आग विझवायची."

"आग लागली का?" गवंड्याची थापी थांबली नाही. "खालच्या ढिगात नुसते खडे. तुमची मात्र चाळलेली, कोरडी. हात आपोआप जातो हो."

"तुझा हात जातो आणि इथं माझी नोकरी जाते, त्याचं काय?"

ते खोटं नव्हतं. मागच्या तपासणीला साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा बादली रिकामी दिसली तर लाल जाकीट उतरवायचं आणि गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. अकरा वर्षं तेच करून वॉर्डन कसाबसा वर चढला होता. आणि साहेब आज पुन्हा येणार होते.

वॉर्डनने डोकं लढवलं. बादलीत चांगली जाडजूड खडी भरली, वर दाखवायला मूठभर वाळू भुरभुरवली. "आता कर गिलावा," तो दात खाऊन म्हणाला. गवंडी हळहळला. वॉर्डनला फार बरं वाटलं.

साहेब आले, भरलेली बादली पाहून त्यांनी वहीत खूण केली. तेवढ्यात पलीकडे कठडा जोडणाऱ्या वेल्डरची ठिणगी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांवर पडली आणि पिशव्या भडकल्या.

"बादली," साहेब म्हणाले.

वॉर्डनने बादली फेकली. खडी टणाटण उडाली, दोन दगड साहेबांच्या नडगीवर बसले, आग होती तशीच राहिली. आग विझवायचा सिलिंडर जिन्याच्या पार त्या टोकाला होता. वॉर्डनला डोळ्यांपुढे नुसतं गेट दिसत होतं.

गवंड्याने गिलाव्याच्या ओल्या मालाचं घमेलं उचललं आणि पिशव्यांवर उपडं केलं. मग दुसरं. फस्स झालं आणि आग संपली.

"वाळू तुमचीच आहे," तो वॉर्डनच्या कानात पुटपुटला.

साहेब नडगी चोळत म्हणाले, "ओला माल तयार ठेवायची कल्पना कुणाची?"

गवंड्याने वॉर्डनकडे बोट केलं. मेल्याने वर उपकारही केले, हे वॉर्डनला सगळ्यात जास्त झोंबलं.

"उत्तम. रोज प्रत्येक मजल्यावर दोन घमेली पाहिजेत. ती खडी मात्र फेकून द्या."

"ठेवतो की, साहेब," गवंडी नम्रपणे म्हणाला. "फक्त चाळलेली वाळू कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वॉर्डन लाल जाकीट घालून, चाळण घेऊन ढिगाशी बसला होता आणि गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चाळत होता. गवंडी आला. त्याने वाळू चिमटीत घेऊन पाहिली.

"जरा आणखी बारीक चाळा, वॉर्डनसाहेब," तो म्हणाला. "आगीला खडे चालत नाहीत. काल पाहिलंत ना?"